मापमावशी आणि पोत्या

मापमावशी हे नाव तिला पिल्लूघरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच पडलं. दूधखोलीत मुकादम तिला काम समजावून सांगत होता. "दोन डबे पावडर टाकायची, पाणी ओतायचं, ढवळायचं. झालं."

"डबा काठोकाठ की सपाट?" तिने विचारलं.

मुकादम हसला. "अगं बाई, हत्ती आहे तो! चमचाभर इकडे-तिकडे झाली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

तिने सुरी उलटी धरून डब्यावरची पावडर सपाट केली, राहिलेली परत पिंपात झटकली आणि म्हणाली, "हत्ती तुमच्यासाठी. पोट तर बाळाचंच आहे ना?"

त्या दिवसापासून ती सगळ्यांची मापमावशी झाली. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची कोणाला गरज पडली नाही.

पिल्लूघर गावाबाहेर होतं. बस जिथे वळून परत जायची, तिथून पुढे दहा मिनिटं चालत गेलं की तारेचं कुंपण, पत्र्याच्या चार शेड, मातीचं मोठं आवार आणि एका कोपऱ्यात पांढरी दूधखोली. आईवेगळी झालेली हत्तीची पिल्लं तिथे आणत. एखादं विहिरीत पडलेलं, एखादं दरडीखाली आईपासून तुटलेलं, एखादं कळपाच्या चालीने चालता न आल्यामुळे मागे राहिलेलं. हत्तीचं पिल्लू दिसायला शंभर किलोंचं असलं, तरी पहिली दोन वर्षं त्याचा सगळा जीव दुधावर असतो. आणि गाईचं दूध त्याला सोसत नाही. एकदा का पोट बिघडलं, की दोन दिवसांत डोळे आत जातात. त्यामुळे माणसांच्या तान्ह्या बाळाची पावडर, त्यात खोबरेल तेल, थोडी भाताची पातळ पेज, आणि हे सगळं अंगाइतकं कोमट. दर तीन तासांनी. दिवस असो की रात्र.

मापमावशीला हे शिकवावं लागलं नाही. तिची एकोणतीस वर्षं मोठ्या इस्पितळातल्या बाळांच्या खोलीत गेली होती. ती नर्स नव्हती, आया होती, पण अशक्त बाळांना चमच्याने पाजायचं असलं की नर्ससुद्धा तिलाच हाक मारत. एकोणतीस वर्षांत किती बाळं हातांखालून गेली याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. मात्र त्यातलं एकही आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहिलं नाही. आई बरी झाली, बाळ वजनात आलं, की दुपट्यात गुंडाळून देऊन टाकायचं. तिला स्वतःला मूल झालं नाही. नवरा टपाल खात्यात होता, अबोल आणि सज्जन. दोघांचं संसारात कधी वाजलं नाही, आणि तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तसं फार बोलणंही झालं नव्हतं.

निवृत्तीनंतर ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागली. एक खिडकी, एक कॉट, ओटा, आणि खालून दिवसभर चाकात हवा भरल्याचा आवाज. सोमवार ते शनिवार काहीतरी निमित्ताने चार शब्द तोंडातून निघत. रविवारी दुकान बंद, गल्ली सामसूम. एका रविवारी तिने गॅसचा नंबर लावला. सिलिंडर नको होता. पलीकडे यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपले स्वागत आहे." मावशीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. बाईने सगळे पर्याय दोनदा वाचून दाखवले आणि "आपण काहीही निवडले नाही" म्हणून फोन ठेवून दिला. सोमवारी सकाळी मावशी पहिल्या बसने पिल्लूघरात गेली आणि काम आहे का म्हणून विचारून आली.

पिल्लूघराचे नियम खूप होते, पण एक सगळ्यात वरचा. एका पिल्लाला सलग दोन दिवस एकाच माणसाने पाजायचं नाही. प्रत्येक पिल्लाला तीन माणसं, आणि त्यांची फिरती ड्युटी. तक्ता शेडच्या भिंतीवर टांगलेला असायचा. आज हा, उद्या तो, परवा तिसरा. कोट सगळ्यांचे एकाच निळ्या रंगाचे, आणि ते एकत्र धुतले जायचे.

यामागे एक गोष्ट होती. ती पशुवैद्य डॉक्टरीणबाई प्रत्येक नव्या माणसाला स्वतः सांगत. बाई पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, केस कायम रबरबँडने बांधलेले. काही वर्षांपूर्वी फाटक्या कानाचं एक मादी पिल्लू आलं होतं. सगळे तिला कानफाटी म्हणत. एका माणसाने तिला हौसेने एकट्याने वाढवलं. तीन महिन्यांनी तो भावाच्या लग्नाला पाच दिवस गेला. कानफाटीने दुसऱ्या माणसाची बाटली तोंडात धरली नाही. पाचव्या दिवशी तो परत आला, तेव्हा तिने त्याला ओळखलं, पण गिळायची ताकद राहिली नव्हती.

"पिल्लाला वाटतं, आई पुन्हा मेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा ते कसंबसं सोसतं. दुसऱ्यांदा नाही सोसत. म्हणून त्याला एक आई द्यायची नाही. घर द्यायचं. कळलं?"

"कळलं," मावशी म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं.

मग पोत्या आला.

जीपमधून त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं. उतरवलं तेव्हा गोणपाट कुठे संपतं आणि पिल्लू कुठे सुरू होतं ते कळेना, इतकी त्याची कातडी सैल आणि सुरकुतलेली. अर्धवट भरलेलं पोतंच. "हा पोत्या," मुकादम म्हणाला, आणि नाव ठरलं. जेमतेम दहा दिवसांचा. नाळ वाळलेली होती, पण गळून पडली नव्हती. वजन चौऱ्याण्णव किलो. आईची सावली नसल्यामुळे कानांची पाठ उन्हाने सोलवटली होती. स्वतःच्या सोंडेचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. ती मध्येच पायाखाली यायची, तो अडखळायचा, आणि मग सोंडेचं टोक तोंडात घालून चोखत उभा राहायचा.

पोत्याला तीन माणसं नेमली. मापमावशी, लंबू आणि गुडघे. लंबू सहा फुटांहून उंच, पंचविशीतला, नुकताच बाप झालेला. गुडघे पन्नाशीचा. हे नाव त्याच्या दुखण्यावरून पडलं होतं, कारण तो हवामानापासून राजकारणापर्यंत कुठलाही विषय शेवटी गुडघ्यांवर आणून सोडायचा.

पिल्लू पिताना सोंड कुठेतरी टेकवतं. आईच्या पोटाखाली उभं असताना ती वर आईच्या अंगाला लागलेली असते. पिल्लूघरात त्यासाठी दोन खांबांना आडवं जाड ब्लँकेट बांधत आणि त्यामागून बाटली पुढे करत. पोत्याने ब्लँकेटला सोंड लावली, हुंगलं आणि तोंड फिरवलं. पहिल्या दिवशी लंबूने हात टेकले, दुसऱ्या दिवशी गुडघेने. तिसऱ्या दिवशी मावशी ब्लँकेटच्या पुढे येऊन उभी राहिली. डावा हात वर केला. पोत्याने सोंड चाचपडत तिच्या काखेत खुपसली, मोठा उसासा सोडला, आणि तोंड उघडलं. ती सवयीने मोजू लागली. इस्पितळात ती असंच करायची, एका दमात बाळ किती घोट घेतं ते मोठ्याने मोजायची. "एक... दोन... तीन..." एकतीसपर्यंत पोत्या थांबला नाही.

तिथून सुरुवात झाली. आणि सुरुवात चांगुलपणानेच झाली.

लंबूच्या घरी तान्हं रडत होतं, बायको रडत होती, आणि तो उभ्या उभ्या पेंगायचा. मावशी म्हणाली, "जा रे बाबा, झोप काढ. मी आहे ना."

"मावशी, देवमाणूस आहेस तू," लंबू म्हणाला आणि गेलासुद्धा.

गुडघेला हवा पालटली की बसता येत नसे, बसलं की उठता येत नसे. मावशी त्यालाही म्हणाली, "राहू द्या हो, मी आहे ना." गुडघे शेजारच्या शेडमधल्या मोठ्या पिल्लांकडे जाऊन बसू लागला. तिथे वाकावं लागत नसे.

मुकादमाला तक्त्यावरची खाडाखोड अजिबात खपायची नाही. म्हणून मावशी लंबूच्या दिवशी लंबूच्या नावापुढे बरोबरची खूण करायची आणि गुडघेच्या दिवशी गुडघेच्या. आयुष्यात तिने कधी खोटं माप लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी पेन्सिल धरलेला हात थांबला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी थांबला. मग थांबेनासा झाला. मुकादम दिवसभर फाटकापाशी नाहीतर चाऱ्याच्या ट्रकपाशी, डॉक्टरीणबाई सकाळी येऊन तक्ता बघायच्या. तक्ता स्वच्छ होता, पोत्याचं वजन वाढत होतं, काही विचारायचं कारणच नव्हतं.

तिने खोलीवर जाणं सोडलं. शेडमध्ये पोत्याच्या शेजारी पेंढ्यावर तिची सतरंजी असायची. दुपारी ती त्याच्या कानांना मलम लावायची, छत्री धरून त्याला आवारात फिरवायची. जंगलातून आणलेली मोठ्या हत्तिणीची ताजी लीद त्याच्यापुढे ठेवायची, कारण पिल्लाच्या पोटाला चारा पचवायची सवय तिथूनच लागते. तो लीद खायचा आणि तसंच तोंड तिच्या कोटाला पुसायचा. "शी! लाज आहे का जरा?" ती म्हणायची. तो कान हलवायचा. दिवसभर ती बोलत असायची. पावडरचा भाव, बसचा नवा कंडक्टर, इस्पितळातली जुळी, नवऱ्याची छत्री विसरायची सवय. कोणीतरी ऐकत होतं. ती दोन पावलं लांब गेली, तर ऐकणारा धडपडत मागे येत होता. असं तिच्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं.

नियम ती विसरली नव्हती. रोज मनाशी म्हणायची, उद्यापासून लंबूला देऊ. असे एकोणीस दिवस झाले.

विसाव्या दिवशी तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जावं लागलं. मोतीबिंदू. दोनदा तारीख पुढे ढकलून झाली होती, आणि बाटलीवरच्या बारीक रेघा आता उजव्या डोळ्याला दिसेनाशा झाल्या होत्या. "आठ दिवस धूळ नाही, वाकणं नाही, वजन उचलणं नाही," डोळ्यांच्या डॉक्टरने बजावलं. ती धाकट्या बहिणीकडे राहायला गेली.

बहिणीचं घर भरलेलं होतं. सून, मुलगा, शाळेत जाणारी नात, टीव्ही. सगळे तिच्याशी प्रेमाने एकेक वाक्य बोलून आपापल्या कामाला जात. "ताई, थेंब टाकले का?" "ताई, पडून राहा हं." ती डोळ्यावर हिरवी झापड लावून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तीन तास झाले की आपोआप उठून बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन आला.

"अगं, तुझं ते पोतं काय खाऊन बसलंय कोण जाणे! परवापासून बाटलीला तोंड लावत नाही."

"परवापासून?"

"लंबूने पाजून पाहिलं, गुडघेने पाहिलं, मी पाहिलं. बाई सुईने पाणी देतायत. पोट बरोबर आहे, ताप नाही. बाईंनासुद्धा काही कळेना. तू काही वेगळं घालत होतीस का दुधात?"

मावशी उठून बसली. तिला कळत होतं. लंबूला आणि गुडघेला फक्त आपापल्या सुट्ट्या माहीत होत्या, सगळं तिला एकटीलाच कळत होतं.

"मी येते," ती म्हणाली.

"डोळ्याचं काय?"

"डोळा राहील. मी येते."

बहीण दारात आडवी आली. "ताई, वेड लागलंय का तुला? डॉक्टरांनी सांगितलंय ना? तिकडे नुसती धूळ! एका जनावरासाठी डोळा घालवणार का?"

"गॉगल लावीन," मावशी म्हणाली. आणि तिने चपला पायात सरकवल्या.

पोत्या पेंढ्यावर आडवा पडला होता. लंबूने शेडचं दार उघडलं, मावशी काही बोलायच्या आतच पोत्याची सोंड हवेत उठली. वास आला होता. तो उठायला गेला, पुढचे पाय दुमडून पडला, पुन्हा उठला. आला, आणि सोंड सरळ तिच्या काखेत. लंबूने पळत बाटली आणली. तिने मोजलं, चोवीस. मग दुसरी बाटली.

सगळ्यांचे चेहरे फुलले. मुकादम म्हणाला, "बघा! नुसता नखरा! राजाला वाढायला राणीच हवी होती!" गुडघे हसला, लंबू डोळे पुसत होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभ्या होत्या.

"तीनातले दोन दिवस लंबू आणि गुडघे पाजत होते," त्या म्हणाल्या. "एकोणीस दिवस. सगळ्या खुणा आहेत. मग हा यांना ओळखत का नाही?"

लंबूने मान खाली घातली. गुडघे गुडघा चोळू लागला. मावशीने गॉगल काढला. काचेआडून सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"बाई, त्या खुणा माझ्या आहेत. सगळ्या. यांना मीच घरी पाठवत होते."

"का?"

लंबूचं तान्हं बाळ, गुडघेचे पाय, सगळी उत्तरं तिच्याकडे तयार होती. "मला बरं वाटत होतं," ती म्हणाली.

पोत्याच्या पाठीवरून हात फिरवत, आवाज न चढवता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, तुमचं वय काय?"

"एकसष्ट."

"याला अजून दोन वर्षं दूध लागेल. मग बाकीच्यांबरोबर जंगलात जायला सात-आठ वर्षं. दोन वर्षांत तुम्ही एकदाही आजारी पडणार नाही, अशी हमी देता?"

मावशीने हातातला गॉगल मिटला.

"मग हे सोडवायला लागेल. आत्ताच, लहान आहे तोवर. तुम्हीच सोडवायचं."

बाईंनी रीत ठरवून दिली. पहिले तीन दिवस मावशीने पाजायचं, लंबू आणि गुडघे आळीपाळीने अंगाला लागून उभे. पुढचे तीन दिवस बाटली त्यांच्या हातात, मावशी नुसती शेजारी. मग दोन दिवस मावशी दाराबाहेर, आणि तिचा न धुतलेला कोट ज्याची ड्युटी त्याच्या अंगावर. लंबूला तो कोट कमरेपर्यंतच आला. मुकादम म्हणाला, "लंबू, झबलं छान दिसतंय हं!" त्या दिवसांत हसायला एवढंच होतं. नवव्या दिवसापासून मावशी पोत्याला दिसायची नाही, तिचा वासही त्याला यायचा नाही, आवाजही ऐकू यायचा नाही. निदान तीन महिने. काम दूधखोलीत. यायचं-जायचं मागच्या बाजूने, नाल्याकाठच्या काटेरी झुडपांतून.

आठ दिवस जमेल तसं जमलं. ती शेजारी असताना पोत्या लंबूच्या हातून प्यायचा, दाराबाहेर गेल्यावर अर्धीच बाटली प्यायचा. नवव्या दिवशी सकाळी तिने दुधाची बाटली खिडकीतून लंबूच्या हातात दिली आणि खिडकी लावून घेतली.

अर्ध्या तासाने बाटली भरलेली परत आली. लंबूने नुसती मान हलवली. एकदा कोमट केलेलं दूध पुन्हा तापवायचं नसतं. तिने ते मोरीत ओतलं, भांडी उकळली. पुढच्या वेळेला पुन्हा मापून केलं. तेही परत आलं. बाहेरून पोत्याचा आवाज येत होता. आधी किंचाळल्यासारखा, मग घोगरा. एरवी मापताना ती तोंडाने पुटपुटत असे, "एक सपाट, दोन सपाट..." आज तेही बंद होतं. शेड वीस पावलांवर होती आणि हत्तीचे कान हत्तीचेच. ती ओठ मिटून पावडर सपाट करत राहिली.

डॉक्टरीणबाई पहाटेच जंगलात एका जखमी हत्तिणीकडे गेल्या होत्या. दुपारी तिसरी बाटली परत आली, तेव्हा ती घेऊन मुकादम स्वतः आला होता. दूधखोलीत शिरून त्याने दार ओढून घेतलं.

"अगं, जा," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन मिनिटं. एक बाटली पाज आणि ये. बाई संध्याकाळशिवाय येत नाहीत. मी मान फिरवून उभा राहतो, लंबू काही बोलणार नाही."

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"पाय लटपटतायत त्याचे. उद्या पुन्हा सुरू करू की हे सगळं."

"आज गेले तर उद्याही हेच होईल," ती कुजबुजली.

"आणि उद्याला तो उरलाच नाही तर?"

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. बाहेरून पुन्हा आवाज आला, आता अगदी बारीक, बाळांच्या खोलीत भुकेलं बाळ दमल्यावर यायचा तसा. इस्पितळात त्या आवाजाला ती झोपेतूनही उठून जायची. कडी थंड होती. मुकादम मान फिरवून उभा होता.

तिने कडीवरचा हात काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या मागे पेन्सिलीने, एका डोळ्याने, मोठ्या अक्षरांत लिहिलं. आठ दिवस ती शेजारी उभी होती, पण या गोष्टी तिने कोणाला सांगितल्या नव्हत्या. सगळं सांगितलं असतं, तर तिचं असं काय उरलं असतं?

"ब्लँकेट काढून टाका. बाटली उजव्या हातात. डावा हात वर करायचा. सोंड काखेत येऊ द्या, गुदगुल्या झाल्या तरी हलू नका. आधी डाव्या कानामागे खाजवा. घोट घ्यायला लागला की मोठ्याने मोजा. थांबलात तर तो थांबतो. हे लंबूने, गुडघेंनी, तुम्ही, तिघांनीही असंच करायचं."

कागद तिने मुकादमाच्या हातात दिला. मग नवं पाणी उकळलं, निववलं, मापलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलं आणि चौथी बाटली खिडकीतून बाहेर दिली.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग लंबूचा आवाज, घाबरलेला आणि वर्गात उभं केल्यासारखा: "एक."

ती ओट्याला धरून उभी होती.

"दोन." मध्ये खूप मोठं अंतर. "तीन. चार."

सातवर तो थांबला. मुकादम ओरडला, "अरे मोज, मोज!" आणि लंबूने भसाड्या आवाजात पुन्हा सुरू केलं, आठ, नऊ, दहा. वीसच्या पुढे त्याचा आवाज फाटला. ती एकतीसची वाट बघत होती. तो चौतीसपर्यंत गेला.

रिकामी बाटली आली. तिने ती धुतली. आत काही उरलं होतं का ते उजेडात धरून पाहिलं. काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुडघेने पाजलं, तिसऱ्या दिवशी मुकादमाने. वजन आधी सहा किलोंनी उतरलं होतं, ते पंधरवड्यात भरून निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्या कागदाची प्रत करून शेडमध्ये लावली. मावशीला त्यांनी रागाचा एक शब्दही ऐकवला नाही, कामावरूनही काढलं नाही. फक्त तक्त्यावर आता ज्याची ड्युटी त्याने स्वतः सही करायची, असा नवा नियम झाला.

मावशी पुन्हा खोलीवर राहू लागली. दिवसाच्या पाच बाटल्या ती करायची, रात्रीच्या दुसरं कोणी. दूधखोलीत बोलायचं नाही ही सवय इतकी लागली की खोलीवरही ती बोलेनाशी झाली. सायकलवाला एकदा म्हणाला, "मावशी, घसा बसलाय का?" तिने मान हलवली. पोत्याची खबर तिला बाटल्यांवरून कळायची. अर्धी परत आली, म्हणजे दात येतायत. बाटलीचं रबरी बोंड चावलेलं आलं, म्हणजे आले. लंबू खिडकीत येऊन सांगायचा, "आज चिखलात लोळला," "आज सोंडेने पाणी उचललं, पण डोक्यावर ओतायच्या ऐवजी माझ्या बुटात ओतलं." ती हसायची, आवाज न करता.

तीन महिने झाले त्या दिवशी डॉक्टरीणबाई दूधखोलीत आल्या. "मावशी, आता भेटा त्याला. हरकत नाही."

ती त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही काम काढून बसली. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, पिल्लं चिखलात लोळून परत येत होती तेव्हा ती कोट घालून आवाराच्या कडेला उभी राहिली. सात पिल्लं होती. पोत्या आता पोत्यासारखा राहिला नव्हता, कातडी अंगाने भरली होती. तो दोन मोठ्या मादी पिल्लांच्या मधून चालत होता. मध्येच थांबला. सोंड वर केली. मग रांग सोडून तिच्याकडे आला.

सोंड तिच्या चेहऱ्यावरून फिरली, ओली आणि मातकट, केसांवरून, खांद्यावरून, हातापर्यंत. तिने डावा हात वर केला. त्याने सोंड काखेत घातली, एकदा जोरात श्वास सोडला. पलीकडून गुडघेने हाळी दिली, "चला रे पोरांनो!" पोत्याने कान हलवले, सोंड काढून घेतली आणि वळला. घाई नव्हती. मोठ्या दोघींना गाठून तो पुन्हा त्यांच्या मध्ये शिरला.

मुकादम जवळ येऊन उभा राहिला. "विसरला की काय गं तुला?"

"नाही," ती म्हणाली. "ओळखलं त्याने. ओळखून मग गेला."

मुकादम चाऱ्याच्या ट्रककडे वळला.

दूधखोलीत पाणी उकळायला आलं होतं. आदल्या रात्री एक नवीन पिल्लू आणलं होतं, मादी, सत्त्याऐंशी किलो, अजून बाटली धरत नव्हती. तिच्या तक्त्यावर या वेळी चार नावं होती आणि त्यात मापमावशीचंही होतं. मावशीचा पहिला दिवस गुरुवार होता. तिने पावडर सपाट केली, दूध मनगटावर टाकून पाहिलं, आणि बाटली खिडकीतून लंबूच्या हातात दिली.